भाऊसिंगचा नंबर

भाऊसिंगकाकाचं नाव निघालं का अजून बी माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. नात्यानं काका लागते, माह्या बापाचा मावसभाऊ. म्हनून पयलेच सांगून ठेवते, त्याची गोठ मी सांगून राह्यली म्हनजे त्याच्याबद्दल गोड बोलीन, असा भरोसा कोनी धरू नये.

मी निता. शेलूबाजारात हायवेले लागून माहं ऑनलाइनचं दुकान हाय. एक कम्प्युटर, एक प्रिंटर, बोट लावाची मशीन, अन् भिंतीवर एक पोस्टर, 'सेवा आपल्या दारी'. कोनाच्या दारी, ते त्या पोस्टरले विचारा. आमचा तांडा शेलूबाजारहून सहा किलोमीटर आत, नाल्याच्या पल्याड. अडतीस घरं. दिवाळी झाली का अर्धा तांडा कोयता घेऊन उसावर जाते, चैतात वापस येते. सरकारचं कोनतंच काम त्या दारापर्यंत आपल्या पायानं चालत आलेलं मी पाह्यलं नाही. लोकच माह्या दुकानात येतात. मी विचारते, "आधारले नंबर कोनता देल्ता?" ते म्हनतात, "भाऊसिंगचा."

अडतीसच्या अडतीस घरं. म्हातारे, पोट्टे, नव्या सुना, सगळे भाऊसिंगचे.

हे झालं कसं ते ऐका. काका जवानीत जऊळक्याच्या टेसनावर मालगाडीतलं खत उतरवे. तिथून एक दिवस तो मोबाइल घेऊन आला, बटनाचा, तांड्यातला पयला. तांड्यात रेंज नव्हती. टेकडीवर सेवालाल महाराजाच्या झेंड्यापाशी दोन काड्या दिसत. काका रोज सकाळी तिथं जाऊन उभा राहे, फोनचा हात वर करून. आमी पोट्टे मागं मागं जावो अन् हासो. तो बी हासे. तवा तो वाईट मानूस नव्हता, हे कबूल करनं भाग हाय. उसाच्या फडावर कोनाचं काही बरंवाईट झालं, कोनाच्या पोरीले बाळ झालं, का निरोप काकाच्या फोनवर ये, अन् काका भर उन्हात वावरोवावर फिरून तो पोचवे. चाय बी मागे नाही.

मंग आधारचा कॅम्प आला. शाळेत टेबल मांडला. ऑपरेटर घाईत होता, मान वर न करता विचारे, "मोबाइल नंबर?" आमची लोकं एकमेकायच्या तोंडाकडं पाहात. माह्या आजीनं तर पदर दाताखाली धरला, तिले वाटलं आता हे लोक आपल्याले वापस पाठोतात. तवा काका पुढं झाला. छाती काढून म्हनला, "लिहा माहा. आपलाच हाय."

आमच्यात हे काही नवं नव्हतं. तांड्याची विहीर एक, झेंडा एक, उसावर जायची गाडी एक. ज्याच्यापाशी हाय त्यानं सगळ्यायसाठी द्यावं, अन् बाकीच्यायनं ते हक्कानं घ्यावं, ही आमची रीतच होती. मंग नंबर एक असला तर काय बिघडलं? दोन दिवसात सगळा तांडा त्या एका नंबरावर चढला. शेवटचे चार आकडे चव्वेचाळीस सतरा. शेंबडं पोर बी घोकून दाखवे.

दोन वर्षानं एक साहेब आला, गळ्यात पट्टा घालून. यादी पाहून असा खूश झाला का विचारू नका. म्हने, शंभर टक्के मोबाइल जोडनी झालेली वस्ती हाय ही, आदर्श हाय! यादीत सगळ्या नावायपुढं नंबर होता. तो एकाच मानसाचा हाय, हे पाहाची त्याले काय गरज होती? त्याचा रकाना भरला होता. फोटो काढला, काकाच्या हातात नारळ देला. तो फोटो काकानं घरात टांगला. साहेब गेला तो गेला, पुन्हा तोंड दाखवलं नाही.

अन् मंग ओटीपी आला. राशन म्हना, पेन्शन म्हना, पीकविमा म्हना, पोरायच्या शाळेचे फॉर्म म्हना, काही बी कराले जा, आकडे येत ते भाऊसिंगच्या फोनवर. पयले पयले तो धावत टेकडीवर जाये अन् आकडे आनून दे. मंग टॉवर झाला, घरात बसल्या बसल्या रेंज आली, अन् काकाच्या डोक्यात हवा शिरली. ओट्यावर खाट टाकून बसाले लागला. बाई असन तर तिनं सोता यावं, डोक्यावर पदर घेऊन, खाली बसावं. एक आकडा सांगे अन् थांबे. बिडी काढे. काडी शोधे.

"पुढचा सांगा ना वो काका."

"सांगतो ना. तुही गाडी सुटून राह्यली का?"

ओटीपी दहा मिनिटाचा. बिडी पेटेस्तोवर तो मरे. मंग मले फोन, "निता, पुन्हा पाठव." पैसा त्यानं कोनाकडून घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं, तोंडावर फेकून मोकळे झालो असतो. त्याले मान पाहिजे होता, तो बी रोजच्या रोज, ताजा.

माह्यासंग तर त्यानं हद्द केली. तीन वर्षाआधी मी ह्या दुकानाचा अर्ज भरला, तवा माहा बी नंबर तोच होता. मी ओट्यावर गेली तर म्हनते, "तांड्याची पोरगी शेलूबाजारात मानसायच्या गर्दीत बसन? मी आकडे देत नसतो." नाही देले. मी मंगरूळपीरले गेली, दिवसभर लाईनीत उभी राह्यली, बोटं लावली अन् आधारचा नंबर बदलून घेतला. आठ दिवसात झालं. त्या दिवसापासून मी काकासंग बोलनं टाकलं. समोरून आला तर मी रस्ता बदले.

तांड्यातल्या बायायले मी किती वेळा डोकं फोडून सांगतलं, "आता घरोघरी फोन हाय. जाऊन आपआपला नंबर टाकून घ्या." सगळ्या हो म्हनत. जाये कोनीच नाही. मंगरूळपीरले जायचं म्हनजे अख्खा दिवस बुडते, लाईनीत उभं राहावं लागते, मशीन कधी चालते कधी नाही, अन् वरून भाऊसिंगले वाईट वाटन. "राहू दे वो निता, घरचाच नंबर हाय." घरचाच! बसा मंग त्याच्या ओट्याखाली.

मागच्या दिवाळीले काका बी उसावर गेला, लोकायची बैलं राखाले. चैतात वापस आला तो वेगळाच होऊन आला. कोनाले ओटीपी देईनाच. शेषराव गेला तर त्याले म्हने, "तुह्या बापानं माह्या वावराचा धुरा कोरून जमीन दाबली होती." भुरीबाई गेली तर तिले म्हने, "माह्या बायकोच्या तेरवीले तू आली नव्हती." घरोघरचं एकेक जुनं भांडन त्यानं उकरून काढलं. अशी एकेकाची याद ठेवनारा मानूस मी पाह्यला नाही बाप्पा! अन् शेवटी सगळ्यायले एकच, "उद्या ये, पाहू." लोकं शिव्या देत देत घरी जात अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. न येऊन सांगतात कोनाले?

आता रंजीताचं ऐका. रंजीता म्हनजे चंदावहिनीची पोरगी, आमच्या घराच्या मागंच राह्यतात. बारावीले तिले अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. आमच्या तांड्यातून एवढे आजपर्यंत कोनाले पडले नव्हते, मले बी नाही. तिले नर्स व्हायचं होतं. चार वर्षाआधी फडात चंदावहिनीच्या पायावर कोयता बसला, तवा दवाखान्यातल्या एका नर्सनं टाके घातले अन् रंजीताले पट्टी बदलाची शिकवली. पोट्टीनं मैनाभर आईची पट्टी केली, जखम पिकू देली नाही. तवापासून तिच्या डोक्यात तेच. तिचा बाप धनसिंगदादा सरळ मानूस, सरळ बोलला, "यंदा कॉलेजात नंबर लागला तर शिक. नाही तर दिवाळीले कोयता घे अन् चाल आमच्यासंग." फॉर्म गेला तर हॉस्टेल, नाही गेला तर कोयता. मधात काही नव्हतं.

फॉर्म भराले पंधरा दिवस होते. पयल्याच पानावर आधारचा ओटीपी मागतलेला. नंबर कोनता, ते आता तुमाले बी माहीत हाय. पंधराव्या वर्षी शाळेत रंजीतानं पुन्हा बोटं लावली तवा ऑपरेटरनं विचारलं होतं, नंबर बदलाचा काय? चंदावहिनीनं सांगतलं, "राहू द्या, भाऊसिंगदादाचा हाय."

मी पयल्या दिवशीच म्हनलं, "वहिनी, उद्या मंगरूळपीरले जा अन् नंबर बदला, आठ दिवसात होते." पन त्याच सकाळी काकानं रंजीताले म्हनलं होतं, "उद्या ये, पाहू." मंग वहिनी म्हनते, उद्या देतेच म्हनून राह्यला तर कायले जायचं? दुसऱ्या दिवशी बी तसंच. तिसऱ्या दिवशी बी तसंच. रोजच्या त्या एका उद्यापायी ते आठ दिवस कवा निघून गेले, कळलंच नाही.

चौदा दिवस पोट्टी सकाळी सहाले त्या ओट्यापाशी जाऊन उभी राहे. आधारचं कार्ड ओढनीच्या टोकाले बांधलेलं. सहा वाजून दहा मिनिटानं मी माह्या घरून लॅपटॉपवर ओटीपीचं बटन दाबे. समोर लिहून ये, 'ओटीपी पाठवला आहे, शेवटचे अंक ४४१७'. मंग बापाच्या फोनवरून तिचा फोन ये, "ताई, नाही सांगून राह्यले."

"काय म्हनते?"

"म्हनतात, तुह्या मायले माहा करन पसंत पडला नाही, मंग माहा नंबर कसा पसंत पडला?"

करन म्हनजे काकाचा एकुलता एक पोरगा, पुन्याले कंपनीत हाय. ते चव्हान, आमी राठोड, सोयरीक जुळत होती. दोन वर्षाआधी काकानं रंजीताले मागनी घातली होती, अन् वहिनीनं पोरगी शिकून राह्यली म्हनून नाही म्हनलं होतं. त्याचा सूड तो आता काढून राह्यला, असं सगळ्यायले वाटलं. मले तर पक्कं वाटलं. एवढ्या लहान लेकरावर! दहाव्या दिवशी रंजीतानं त्याचे पाय धरले. त्यानं पाय वर खाटेवर घेतले अन् तोंड भिंतीकडं केलं.

तुमी म्हनान, निता, तू काहून गेली नाही? तू एक फोन तरी काहून लावला नाही? मी त्याच्यासंग बोलत नव्हती ना! तीन वर्षाचा माहा नेम होता. तो म्हाताऱ्यासाठी मोडला असता तर माहं नाक कापलं गेलं असतं. मी रोज सकाळी बटन दाबे, रोज त्याले शिव्या दे, अन् माहं काम झालं असं समजे.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचले फॉर्म बंद होनार होता. दुपारी बारा वाजता मायलेकी माह्या दुकानात येऊन बसल्या. चंदावहिनीनं डबा बी उघडला नाही. रंजीता पडद्याकडं पाहून राह्यली होती, जसं काही तिनं नजर हटवली तर पान पुसून जाईन. मंग मात्र माहं डोकं फिरलं. मी फोन उचलला अन् चव्वेचाळीस सतरा लावला. तिकडून उचलल्याबरोबर मी सुरू झाली.

"अबे म्हातारड्या, लाज हाय का नाही तुले? पोट्टीच्या जिंदगीची माती करून राह्यला. एवढे मरतात, तुलेच काहून मरन येत नाही?"

तिकडून बाईचा आवाज आला. "कोन व्हय वो तू? कोनाले मरन मांगून राह्यली?"

मी गपकन थांबली. "हा भाऊसिंगचा नंबर हाय ना?"

"कोन भाऊसिंग? हा माहा नंबर हाय. दोन मैने झाले, माह्या धीरजनं घेऊन देला. मी गोजराबाई, कारंजाच्या भाजीबाजारात बसते. तू कोन?"

मी विचारलं, "बाई, तुमच्या फोनवर सकाळी सकाळी आकडे येतात का?"

"येतात ना मेले, रोज येतात. धीरज म्हनते, फसवनारे असतात, पुसत जा. मी पुसते."

मायबाई! चौदा दिवस पोट्टी हात जोडून त्या खाटेपाशी उभी होती, अन् तिचे आकडे कारंजाले एका भाजीवाल्या बाईच्या फोनवर जात होते. काकाचा नंबर कवाचाच बंद पडून दुसऱ्याले गेला होता. त्याले ते माहीत होतं. अन् तो म्हने, उद्या ये, पाहू.

मी आवाज एकदम मऊ केला. "बाई, एका पोरीचा फॉर्म अडला हाय. मी आत्ता आकडे पाठोते, तुमी फक्त वाचून सांगा."

"हां! आली ना मुद्द्यावर? फोन लावला का ते बाई बजावून सांगते, ओटीपी कोनाले देऊ नका. आधी शिव्या देल्या, आता गोड बोलून राह्यली. मी भाजी विकते वो, अक्कल नाही विकली." अन् फोन कापला. पुन्हा लावला तर लागेच ना. तिनं मले बंद करून टाकलं होतं.

तिचं काय चुकलं? काहीच नाही. मी 'हॅलो' म्हनून बोलली असती तर तिनं ऐकलं असतं. पन तवा हे सुचन तर मी निता कायची! मी रागानं 'पुन्हा पाठवा' दाबलं. म्हनलं, वाजू दे त्या बाईचा फोन, येऊ दे आकड्यावर आकडे, कटाळून तरी उचलन. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. किती वेळा दाबलं, मोजलं नाही.

रंजीता उठली. एवढ्या वेळात ती पयल्यांदा बोलली, "ताई, मी कारंजाले जाते. मले पाह्यल्यावर तरी देतील."

माह्यापेक्षा तिलेच जास्त अक्कल होती. तिच्याजवळ माहा दुसरा फोन देला, अन् मायलेकीले मी कारंजाच्या जीपमध्ये कोंबलं. ड्रायव्हरले म्हनलं, भरायची वाट पाहू नको, हान. तरी तो शीटा भरूनच निघाला.

पावनेपाचले फोन वाजला. गोजराबाईच बोलत होती. "अव बाई, हे तर लेकरू हाय. कार्डावरचा फोटो मी तिच्या तोंडाशी लावून पाह्यला. तुह्या जिभेले काही हाड हाय का वो? असं आधीच सांगतलं असतं तर! पाठव तुहे आकडे, पोरगीच वाचन."

मी बटन दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली. 'आजची ओटीपी मर्यादा संपली आहे. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. दुपारी मी रागानं जेवढे दाबले, तेवढ्यातच कोटा संपला होता. फोनवर रंजीता म्हनत होती, "ताई, आले नाही अजून." मी म्हनलं, "येतात, थांब." मागून गोजराबाई विचारत होती, "आले का वो?" चार मिनिटानं पुन्हा, "ताई, नाही आले." मी पान बंद केलं, उघडलं, कम्प्युटर बंद केला, चालू केला. लाल अक्षरं जागच्या जागी. पाच वाजले अन् फॉर्मचं पान निघून गेलं.

"ताई?"

"लाईट गेली वो रंजीता," मी म्हनलं. "शेलूबाजारची लाईट गेली."

डोक्यावर पंखा फिरत होता.

त्याच दिवशी, मायलेकी कारंजाहून आल्याबरोबर, उजेड होता तवाच, मी तांड्यात गेली अन् तीन वर्षाचा नेम मोडून काकाच्या ओट्यावर चढली. त्याच्या उशाखालचा फोन ओढून काढला. चार्ज होता, पुसून लख्ख ठेवला होता. वर लिहून होतं, सेवा नाही. तोवर सगळा तांडा जमला.

"कवापासून बंद हाय?"

तो खाली पाहून बोलला. "उसावर जाताना पेटीत ठेवून गेलो होतो. आलो तर बंद. दुकानदार म्हनला, हा नंबर आता भेटत नसतो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं," काका म्हनला, "तर माह्या ओट्यावर कोन आलं असतं?"

शेषराव थुकला. भुरीबाईनं असे शब्द वापरले का ते लिहिता येत नाही. चंदावहिनी भिंतीले टेकून खाली बसली. अन् सगळ्यात मोठ्यानं कोन ओरडलं? मी. "एक शब्द खरं बोलला असता तर पोट्टी यंदा कॉलेजात गेली असती! आपली इज्जत झाकासाठी लेकराचा जीव घेतला तुमी!" एवढं ओरडली का माहा गळा बसला. तवा बी ते लाल अक्षरं माह्या डोळ्यापुढं होते.

त्या दिवसापासून तांड्यानं काकाले टाकल्यासारखंच केलं. त्याच्या ओट्यावर कोनी बसे ना, बाजूनं जानारा तोंड फिरवे. करन पुन्याहून फोन करे तो बी शेजाऱ्याच्या फोनवर, मंग शेजाऱ्यानं निरोप देनं बंद केलं.

मी तालुक्याले चकरा मारल्या, अर्ज देले, भांडली, अन् दसऱ्यानंतर तांड्यात नंबर बदलाचा कॅम्प आनला. एका दिवसाचा भेटला. लोकं म्हनत, निता किती झटून राह्यली पाहा! झटन नाही तर काय करन? कागद लिहाले मी रंजीताले बसवलं. तिचा कोयता घरी आनून ठेवला होता, दिवाळीले दहा दिवस होते. बापानं तिले एक फोन घेऊन देला होता, फडावरून बोलाले. ती खाली मान घालून लिहत होती, अन् एकेकाले विचारत होती, "मोबाइल नंबर?" सदतीस घरायनं आपआपला नंबर सांगतला.

काका सगळ्यात शेवटी आला, काठी टेकत. त्याची पेन्शन बी त्याच नंबरावर अडली होती. ज्याच्या घरी तांड्यातला पयला फोन आला, त्याच्याच घरी आता चालू फोन नव्हता.

"मोबाइल नंबर?" रंजीतानं विचारलं. मान वर न करता.

तो टेबलावर वाकला. मंग हळूच म्हनला, "तुहा लिही ना बेटा. घरचाच हाय."

रंजीतानं पेन खाली ठेवला. मान वर केली, त्याच्या तोंडाकडं नीट पाह्यलं, अन् म्हनली, "उद्या या काका. पाहू."

मागचे सगळे हासले. मले बी बरं वाटलं, खोटं कायले बोलू? कलेजा थंडा झाला. मंग काका माह्याकडं वळला. "निता," तो म्हनला, "तू तरी सांग तिले."

सांगासारखं होतं माह्यापाशी. लाईट गेली नव्हती, एवढंच. रंजीता बी माह्याकडं पाहून राह्यली होती, मी काय म्हनते म्हनून. मी प्रिंटरमधले कागद काढले, टेबलावर ठोकून सरळ केले, पुन्हा आत ठेवले.

काका काठी टेकत निघून गेला. ऑपरेटरनं मशीन पेटीत भरली. कॅम्प त्या एकाच दिवसाचा होता.